कमठ्याची मूठ

१२ सप्टेंबर १९७८, मंगळवार

डाक्टर म्हणाला, पेशंटनं काय खाल्लं, कुठलं बोट हाललं, रोज लिहून ठेवा. मी म्हटलं, तुम्ही वाचणार काय? तर नुसताच हसला. म्हंजे न्हाय वाचणार. तरी लिहिते. भावानं वारणेच्या साखर कारखान्यातली डायरी आणून दिलीती, ती कोरीच पडून होती. मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलेय, अक्षरं येतात. चुकली तर चुकली.

नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाय, पण वहीत 'ह्ये' आणि 'त्ये' किती लिहिणार? मीरासाब. लिहिलं. आभाळ काय कोसळलं न्हाय.

खाल्लं: अर्धी भाकरी, आमटी.

डावा हात, लकवा मारलेला: खांद्यातनं वर जातो, पण दांडक्यासारखा. बोटं मिटत न्हाईत. चहाचा कप त्या हातात दिला आणि वरनं माझ्या हातानं बोटं आवळून धरली. मी हात काढला की कप खाली. आज दुसरा कप फुटला. मी वरडले. ते माझ्याकडं बघत बसले. जीभ जड झालीया, दिवसाकाठी चार शब्द निघतात, त्यातला एकबी माझ्यासाठी न्हवता.

१३ सप्टेंबर

दीर आला, बाबालाल. त्याचं उद्यमनगरात लेथचं दुकान हाय. येताना ह्यांच्यासाठी रबरी चेंडू आणला. "दाबत ऱ्हावा भाईजान, मूठ वळंल." मग माझ्याकडं वळला.

"भाबी, चाक थंड पडलंय. दसरा झाला की चाक मी न्हेतो. तुमच्या दोघांचं जेवणखाण माझ्याकडं."

चाक म्हंजे धारेचं दगडी चाक, सासऱ्यानं बसवलेलं. शिकलगाराच्या दुकानातनं ते गेलं की मागं नुसती फळी उरते. इतकी वर्षं वादी ओढून चाक मी फिरवलं, पातं ह्यांनी धरलं. धार त्यांची. आणि मूठ, दांडा, सगळी लाकडाची कामं माझी. इळा असू दे न्हाय तर तलवार, हातात बसतं ते माझ्यामुळं. गिऱ्हाईकाला वाटतं सगळं मीरासाबचंच.

मी म्हटलं, "चाक हितंच ऱ्हाणार."

"आणि चालवणार कोण? बाई शिकलगारीला बसलेली कुठं बघितलीसा?"

"आता बघतोयस की. का डोळ्यालाबी धार लावायची हाय?"

चेंडू ह्यांच्या मांडीवरनं घरंगळत गटारीत गेला. मी काय काढायला गेले न्हाय.

डावा हात: तसाच.

१७ सप्टेंबर, रविवार

तालमीत गेले. म्हंजे दारापर्यंत. आत लाल मातीच्या हौद्याकडं बाईनं जायचं नसतं. गुंडू वस्ताद उंबऱ्याशी आला. दसऱ्याच्या आधी तालमीच्या तलवारी, पट्टे, भाल्यांची पाती सगळी आमच्याकडं येतात, सासऱ्यापासनं. पेठेतली माणसं त्यावरनं दुकान वळखतात. तालमीचं काम गेलं की इळा घेऊनसुद्धा कोण येणार न्हाय.

विचारलं, "औंदा हत्यारं कधी पाठवताय?"

वस्ताद मिशी चोळत म्हणाला, "सुगराबी, मीरासाब पडलाय. बाबालाल म्हणतोय, द्या माझ्याकडं."

"मुठी कोण करत होतं आजपतूर?"

"मीरासाब."

"मी!"

त्याला खरं वाटलं न्हाय. मग आत जाऊन बाण मारायचा कमठा घेऊन आला. कळकाचा, माणसाच्या छातीएवढा उंच. जोडीचे दोन हाईत. दसऱ्याला मैदानात ज्ञानू गवळी त्यातल्या एकानं बाण मारून दाखवणार. पण मधल्या पकडीवर चिंध्या आणि सुतळी गुंडाळलेली, घामानं सटकते, बाण कुठंबी जातो.

"एक कमठा बाबालालला दिलाय. एक तू घे. येत्या एक तारखेला नदीकाठी बघू. ज्याच्या मुठीनं बाण निशाणावर, हत्यारं त्याच्याकडं."

मी म्हटलं, "तोंडचं का पक्कं?"

"वस्तादाचं तोंड हाय, बाई."

उचलला आणि भर रस्त्यानं खांद्यावर टाकून घरी आले. पोरं मागं लागली, "सुगराबी शिकारीला निघाली!" निघाली तर निघाली.

ह्यांनी कमठ्याकडं लई वेळ बघितलं. डावा हात पुढं केला, पंजा उघडा. भूक लागली असंल म्हणून मी त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला.

१९ सप्टेंबर

ज्ञानूला बोलावलं. हा सकाळ-संध्याकाळ म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर दूध पिळून देतो. तिशीतला गडी, मनगट मुसळासारखं. म्हणाला, "मावशी, बाण सारखा डावीकडं सरकतोय. मूठ हातात फिरती. घट्ट धरावं तर आनिकच फिरती."

त्याचा तळवा बघितला. अंगठ्याच्या बुडाला फोड आलेला. म्हटलं, मूठ बारीक हाय, हातात भरत न्हाय, म्हणून फिरती. कुऱ्हाडीचा दांडा बारीक पडला की असाच फिरतो. ह्याला काय अक्कल लागती?

शिसवीच्या दोन फळ्या काढल्या. कमठ्याच्या पोटाला एक, पाठीला एक. वरनं लाख, वरनं चामडं. हात भरंल अशी मूठ देते त्याला, बघू कशी फिरती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज डोकं फिरलं माझं. फळ्या बसवल्या होत्या. नुसत्या लाखेवर भरवसा नको म्हणून सुऱ्याच्या मुठीला मारतो तसा आरपार खिळा मारायचा होता. सामता लावला, भोक पाडायला सुरुवात करणार एवढ्यात ह्यांनी पाण्याचा डबा पायानं लाथाडला. सगळं पाणी माझ्या मांडीवर, सामत्यावर, लाखेची शेगडी विझली. मुद्दाम केलं! उजवा पाय धड हाय, समजत न्हाय व्हय? मी नको ते बोलले. मनात आलं, बाबालालच्या दारात नेऊन टाकते तुम्हास्नी. तेबी बोलले.

खिळा ऱ्हायला. वरनं दोरा आवळून बांधून टाकला.

डावा हात: आज बघितला न्हाय.

२४ सप्टेंबर, रविवार

ज्ञानूनं मूठ हातात घेतली. "आगं मावशी! धरायला लई झ्याक! नुसतं धरून बसावं वाटतंय."

"बसू नगंस, मार."

मागच्या परड्यात कडब्यानं भरलेलं पोतं उभं केलंय, मधी चुन्याचा ठिपका. ज्ञानूनं दोरी ओढली, दंडाची बेटकुळी उभी ऱ्हायली, सोडला. बाण पोत्याच्या डावीकडनं जाऊन शेजारच्या चिमणाबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यात. दुसराबी तिथंच.

ज्ञानू म्हणाला, "लुगडं निशाण धरलं तर दोन्ही बरोबर बसल्यात."

चिमणाबाई कुंपणावरनं म्हणाली, "ज्ञानबा, मी आत असताना मारू नगंस म्हंजे झालं."

सगळे हसले. ह्यांचंबी तोंड हललं. मला काय हसू आलं न्हाय. मूठ जाड केली तर बाण आधीपेक्षा जास्त डावीकडं! असं कसं? इतकी वर्षं मुठी केल्या. जी मूठ हातात भरती ती चांगली, हे एक तरी मला ठाऊक हाय का न्हाय?

२६ सप्टेंबर

जाडी थोडी कमी केली आणि वरनं उलट्या बाजूचं खरबरीत चामडं चढवलं, की हात चिकटूनच बसला पायजे. ज्ञानूनं इतकं आवळलं की बोटांची पेरं पांढरी झाली. बाण लुगड्याच्या पलीकडं. चिमणाबाईनं आता लुगडं वाळत घालायची जागाच बदललीया.

संध्याकाळी वस्ताद दारावरनं चालला होता, डोकावला. कमठा फिरवून बघितला. म्हणाला, "भोक पाडलं न्हाईस, एक शाणपणा केलास. बाबालाल पाडणार म्हटल्यावर मी त्याचा हात धरला. कळकाला भोक पाडलं की ताणताना उभा चिरतो, मारणाऱ्याच्या तोंडावर उडतो. आमच्या थोरल्या वस्तादाचा डोळा तसाच गेला." मग ह्यांच्याजवळ टेकला. "मीरासाब, आठवतंय न्हवं? तू आणि मीच होतो तिथं."

ह्यांनी मान हालवली.

मी विचारलं, "हे कुठं होते?"

"तालमीत. लगीन व्हायच्या आधी. तीर मारायचा की हा. तुला ठाऊक न्हाय?"

मला कुणी सांगितलंच न्हाय कधी. आणि मी विचारलंबी न्हाय.

बरं झालं त्या दिवशी डबा सांडला.

भाकरी देताना परत डावा पंजा पुढं केला, उघडा, अंगठा एकीकडं, बोटं एकीकडं. तुकडा ठेवला तर मान हालवून खाली टाकला. आता अन्नबी टाकायला लागलेत.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सगळं लिहिते, न्हाय तर उद्या मलाच खोटं वाटंल.

रागानं मी कमठ्यावरनं फळ्या, चामडं, दोरा, सगळं ओरबाडून काढलं. उघडा कळक उरला. ज्ञानू धारा काढून आला होता, तिथंच बसलेला. ह्यांनी खाटेवरनं डावा पंजा परत पुढं केला. मी वैतागले. म्हटलं, "काय पायजे काय तुम्हास्नी? हे पायजे? घ्या!" आणि कमठाच त्या पंजात ठेवला.

तेच पायजे होतं.

परड्यात भिंतीला पाठ लावून उभे ऱ्हायले, एका बाजूनं ज्ञानूनं धरलं. डावा हात वर गेला, दांडक्यासारखा ताठ. बोटं तर मिटतच न्हाईत. कमठा नुसता अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात टेकलेला, धरलेला न्हाईच. उजव्या हातानं दोरी ओढली. थोडीच ओढली, दम न्हाय अंगात. सोडली. बाण पोत्यात, ठिपक्याच्या बोटभर वर. कमठा हातातनं निसटून जमिनीवर. मी वरडले, "मोडशीला!" ज्ञानूनं उचलून दिला. दुसरा बाण पयल्याच्या शेजारी. तिसरा त्या दोघांच्या मधी. दरखेपेला कमठा खाली.

हे हसले. लकवा झाल्यापासनं पयल्यांदा. एका बाजूनंच हसू येतं, पण आलं.

ज्ञानूनं तोंडात बोट घातलं. "मावशी, काकांनी धरलंच न्हाय की!"

ते मला दिसत होतं. माझं डोकं नुसतं गरगरायला लागलं. मूठ धरायची न्हाय तर तिला मूठ कशाला म्हणायचं? इळा न धरता गवत कापून दाखव म्हणावं! पण पोत्यात तीन बाण उभे होते. त्यांना काय सांगणार?

मग ज्ञानूचा हात हातात घेऊन बघितला. हा दिवसातनं दोनदा सडं पिळतो. हातात काय आलं की ह्याची बोटं आपोआप पिळतात. कमठाबी पिळतो, म्हणून तो फिरतो. मी त्याला पिळायला जास्त जागा करून देत होते.

डावा हात: बोटं मिटली न्हाईत. तीन बाण मारले.

२९ सप्टेंबर

बाभळीचा तुकडा घेतला, शिसव नको. कानशीनं घासून बारीक मूठ केली, इतकी बारीक की पिळायला काय गावूच नये. बेचक्यात टेकायला खळगा केला. माप ज्ञानूच्या हाताचं घेतलं न्हाय. ह्यांच्या हाताचं घेतलं. त्या पंजाखाली ओली माती दाबली, जो खळगा उमटला तोच लाकडात कोरला. सकाळभर मी ह्यांचा हात धरून बसले होते. हात गरम असतो, हे इतके दिवस ध्यानातच आलं न्हवतं.

खिळा न्हाय. लाख आणि दोरा. आणि कमठा खाली पडू नये म्हणून चामड्याची मऊ वादी, पंजाच्या पाठीवरनं जाणारी. मूठ हातानं धरायची न्हाय, वादीनं हात धरायचा. असलं काम मी जन्मात केलं न्हाय आणि कुणी सांगितलं असतं तर त्याला हाकललं असतं.

१ ऑक्टोबर, रविवार

नदीकाठी तालमीची पोरं, म्हातारी, निम्मी पेठ. बाबालालनं आणलेला कमठा बघून सगळे "वा" म्हणाले. लेथवर फिरवलेली मूठ, गोल, गुळगुळीत, लाल रंग, वर पितळी कडी. लग्नाच्या पलंगाचा खूर दिसत होता.

वस्ताद म्हणाला, "सुगराबी, तुझा कमठा बाबालालकडं दे, तो आणंल पुढं. बायकांनी हत्यार हातोहात द्यायची रीत न्हाय."

"मी केलाय, मीच देणार. रीत आडवी येत असंल तर रीतीला म्हणावं डोळं मीट."

कुणीतरी हसलं. वस्तादानं तोंड फिरवलं, पण हात आडवा घातला न्हाय. मी जाऊन ज्ञानूच्या हातात दिला.

आधी बाबालालची मूठ. मूठ जाड, ज्ञानूनं पिळली. दोन बाण डावीकडं, एक पोत्याच्या काठाला. बाबालाल म्हणाला, "वारं हाय." झाडाचं पान हालत न्हवतं.

मग माझी. ज्ञानूनं दोरी ओढली. मला लांबनंच दिसलं, बोटं परत वळली! दोन दिवस शिकवलं ते सगळं माणसं बघून विसरला. बाण डावीकडं, गवतात. हशा झाला. बाबालाल म्हणाला, "भाबी, ही काय मूठ का दात कोरायची काडी?"

मला ऱ्हावलं न्हाय. सगळ्यांच्या देखत वरडले, "ज्ञानू! म्हस न्हवं ती! पिळू नगंस!"

काठावरची माणसं हसून लोळायला लागली. ज्ञानूबी हसला, आणि हसताना त्याचा हात सैल पडला. पंजा उघडला. सगळे "आरं आरं, पडंल" म्हणायला लागले. बाण गेला. कमठा वादीला लटकला, पडला न्हाय. बाण चुन्याच्या ठिपक्यात. मग तिसरा ठिपक्याच्या काठाला.

हशा थांबला. वस्ताद पोत्यापर्यंत चालत गेला, बाण उपटले, परत आला, मूठ बघितली, वादी बघितली.

"ही कुणाची युक्ती?"

मी म्हटलं, "हात मीरासाबचा. बाकी माझं."

२ ऑक्टोबर

वस्ताद आला तो रिकाम्या हातानं. "हत्यारं तुमच्याकडं देतो. शब्द हाय. पण तालमीतली म्हातारी माणसं म्हणत्यात, धार मीरासाबच्या हाताचीच पायजे. बाईनं पात्याला हात लावायचा न्हाय."

बाबालाल मागं उभा होता. त्यानंच कान भरले असणार. "भाईजानच्या हातानं तर जमत न्हाय, भाबी. मग घरातला दुसरा मरदच करंल न्हवं? शुक्रवारी गाडी घेऊन येतो, चाक हलवतो."

म्हंजे मूठ जमली तरी दुकान जाणारच. मी म्हटलं, "वस्ताद, हत्यारं आजच पाठवा. धार त्यांच्याच हाताची देते."

"कशी?"

"ते माझं मी बघते."

कशी ते मला आत्ताबी ठाऊक न्हाय. तोंडातनं गेलं ते गेलं.

४ ऑक्टोबर

पातं चाकाला लावताना दोन हात लागतात. उजवा मुठीकडं, डावा पात्याच्या पाठीवर दाब द्यायला. आम्ही कायम डाव्या हाताची बोटं पात्याभवती वळलेली बघितलीत. पण दाब तर तळव्यानंच पडतो. बोटं कशाला लागतात?

बाभळीचा उरलेला तुकडा होता. त्याच मातीच्या ठशावरनं खळगा कोरला, खालच्या अंगाला पात्याची पाठ बसायला खाच, वरनं वादी. ह्यांच्या पंजाला बांधला. त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बरं."

चार शब्दांतला एक माझ्यासाठी खर्च केला.

चहा दिला. ह्या वेळी बोटं आवळून धरली न्हाईत. कप तळव्यावर ठेवला, दुसऱ्या बाजूनं त्यांचा उजवा हात लावला आणि बाजूला झाले. बाजूला व्हायला जड गेलं. सांडला न्हाय.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

तलवारी, पट्टे, भाले, सगळं बुधवारीच येऊन पडलंय. कालपासनं चाक सुरू केलं. मी वादी ओढते, हे पातं धरतात. पयली तलवार वाकडी घासली, मी बोलणार होते, जीभ चावली. दुसरी बरी. तिसरीवर ठिणग्या अशा उडाल्या की चिमणाबाई कुंपणावरनं म्हणाली, "सुगराबी, लुगडं जाळणार की काय आता?"

दुपारी बाबालाल आला. संगं हातगाडी आणि दोन माणसं. दारात थबकला. चाक फिरत होतं.

"कोण चालवतंय?"

मी वादी सोडली न्हाय. "बघ की."

"डाव्या हातानं?"

ह्यांनी मान वर केली न्हाय. पात्यावर डोळा ठेवूनच म्हणाले, "हां."

गाडीवाला विचारायला लागला, उचलायचं कधी? मी म्हटलं, "फिरतंय ते. हात घालून बघ, बोटं हाईत का जातात."

गाडी रिकामी माघारी गेली. बाबालाल वळला तसं मी मागनं वरडून सांगितलं, "तुझ्या बायकोची इळी बोथट झालीया म्हणं! दसऱ्याच्या आधी पाठवून दे. धार आणि मूठ, दोन्ही करून देतो आम्ही!"

खाल्लं: दोन भाकऱ्या, कोरड्यास.

डावा हात: मिटत न्हाय. कामावर हाय.